सांगायचं माप आणि कापायचं माप

ही वही कधी कोणाच्या हाती पडलीच, तर आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतची, तीही तळासरीजवळच्या पाड्यावरची. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर असं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. आकडे मात्र चांगले काढते. बावीस वर्षं आकडेच लिहीत आले आहे. छाती, कंबर, पोट, सीट, उंची, बाही.

डहाणू रोडला, स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या एका गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. एक मशीन, एक कापायचं टेबल आणि पडद्यामागे एक बाई उभी राहील एवढी जागा. नवीन शिवण्यापेक्षा आल्टरचं काम जास्त. आता कपडे तयार मिळतात, माणसं तयार मापाची मिळत नाहीत. कोणाचा कुडता पोटावर ओढतो, कोणाच्या पँटचं बटण लागत नाही. ते सगळं माझ्याकडे येतं. लोकांच्या वाढत्या पोटांवर माझं घर चाललं, हे लपवून काय उपयोग.

मी बोलायला भित्री. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही, माझी नजर टेपवर. त्यामुळे मला चेहऱ्यांपेक्षा पोटं जास्त ओळखू येतात. पोटाला टेप लागला की पुरुष श्वास आत ओढून घेतो. शिकलेला असो, अडाणी असो, सगळे ओढतात. त्या मापानं पँट शिवली तर घरी जाऊन जेवल्याबरोबर बटण तुटणार. म्हणून मी टेप धरून एकच प्रश्न विचारते, "गाव कोणतं तुमचं?" उत्तर द्यायला श्वास सोडावाच लागतो, आणि खरं माप हातात येतं. एक हवालदार दर सहा महिन्यांनी वर्दीची पँट सैल करायला यायचे. त्यांना मी पाच वेळा गाव विचारलं. सहाव्या वेळी ते म्हणाले, "अहो बाई, बोर्डी. अजून बोर्डीच आहे. माझं गाव नाही बदललं, पोट बदललंय. लिहा काय असेल ते."

दुसरी तऱ्हा 'बारीक होणार आहे' म्हणणाऱ्यांची. "दोन इंच कमीच शिवा, लग्नापर्यंत उतरवते." मी मान हलवते आणि सांगतील तसं शिवते, पण आत माया ठेवते. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. कपडा घट्ट झाला की शिवण उसवून ती माया बाहेर काढायची. लग्नाच्या आदल्या दिवशी ती नवरी धावत येते आणि मी काही न विचारता माया सोडते. बोलल्याप्रमाणे पोट उतरवून दाखवणारं माणूस बावीस वर्षांत मला एकच भेटलं. मला लिहायचं आहे ते तिच्याबद्दल.

त्याआधी माझी एक खोड सांगते. बायका माप झालं की विचारतात, "किती आलं?" मला खरं सांगवत नाही. एक्केचाळीस आलं तर मी अडतीस म्हणते, आणि वहीत एक्केचाळीस लिहून त्यावर कापते. कपडा बरोबर बसतो, बाई खूश होऊन जाते. ज्या बाईकडे मी शिकले, तिनंच हे शिकवलं. ती म्हणायची, एक सांगायचं माप, एक कापायचं माप. मला तो चांगुलपणा वाटायचा. कोणाचं मन कशाला दुखवा.

मंगलाताई माझ्याकडे पंधरा वर्षं येत होत्या. शाळेत क्लार्क. सासर बोर्डीचं, चिकूच्या वाडीतलं, पण राहायला डहाणू रोडला. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. दिवसभर खुर्चीवर काम, मधल्या सुट्टीत भजी, घरी वाडीवरून आलेले चिकू टोपलीनं. दर दिवाळीला दोन पंजाबी ड्रेस शिवायच्या आणि पडद्यामागून ओरडायच्या, "सुमन, किती आलं गं?" मी काहीतरी कमी करून सांगायची.

दोन वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, त्या एका दुपारी कापड न घेता आल्या आणि माझ्या स्टुलावर बसल्या. त्यांचे धाकटे भाऊ अरविंद सर तळासरीकडे आश्रमशाळेत शिक्षक. जुन्या काविळीनं त्यांचं लिव्हर निकामी झालं होतं. सरांनी ताडीचा थेंब कधी तोंडात घेतला नाही, तरी लोक म्हणायचेच, प्यायला असेल. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या कोणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा, तो यांना बसवायचा, दुसरा उपाय नाही. सरांच्या बायकोचं रक्त जुळलं नाही. मंगलाताईंचं जुळलं.

"मी म्हटलं, कापा आजच," त्या म्हणाल्या. "तर त्यांनी माझंच लिव्हर तपासलं. चरबी चढलीय म्हणे त्याच्यावर. पोटाला बाहेर दिसते तशी आतसुद्धा असते. असं लिव्हर देता येत नाही, त्याला चालणार नाही आणि मलाही धोका."

"मग?"

"मग काय. उतरव म्हणाले. दोन-अडीच महिन्यांत. गोळी नाही, इंजेक्शन नाही. खाणं आणि चालणं." आणि त्यांनी पहिल्यांदाच आवाज खाली केला. "सुमन, माझ्या पोटामुळे माझा भाऊ जाईल गं."

मी उठून टेप घेतला.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी, काही न खाता, त्या माझ्याकडे माप द्यायला येऊ लागल्या. दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी तसं सांगितलं होतं. बेंबीच्या रेषेत टेप, श्वास सोडून, आणि आलेला आकडा फोनवर त्यांना कळवायचा. पहिल्या रविवारी मॅडमना खरा आकडा हवा म्हणून मी धीर करून एक्केचाळीस सांगितलं. ताईंना वाटलं, दिवाळीच्या अडतीसवरून सहा महिन्यांत एवढं वाढलं. मी तो गैरसमज तसाच राहू दिला.

साखर बंद, तळलेलं बंद, भात वाटीभर, चिकू तर घरातूनच बाहेर. सासूबाई म्हणाल्या, "वाडीतला चिकू कधी बाधतो का?" ताईंनी टोपली उचलून शेजारी दिली. मॅडमनी कागदावर काय खायचं ते लिहून दिलं होतं, ते त्यांनी मला वाचून दाखवलं. नागलीची भाकरी, पाल्याची भाजी, कुळथाचं पिठलं, भाजलेली मासळी. मी ऐकतच राहिले. आमच्या पाड्यावरचं रोजचं जेवण होतं ते. आम्ही गरिबीनं खाल्लं, ताई डॉक्टरच्या हुकमानं खायला लागल्या. भाकरी त्यांना थापता येईना, ती मी शिकवली. मासळी धाकट्या डहाणूची कोळीण दारावर आणून द्यायची.

पहाटे पाचला घरातून निघून समुद्रापर्यंत चालत जायचं आणि चालत यायचं. पहिल्या आठवड्यात त्या अर्ध्या वाटेतून रिक्षानं परत आल्या. दुसऱ्या आठवड्यात समुद्र गाठला. मॅडमनी एक व्यायाम दिला होता, भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, खाली खुर्ची नाही. तो त्या माझ्या दुकानात करायच्या, मी सुईत दोरा ओवून होईपर्यंत. माझी नजर आता कमी झाली आहे, दोरा पटकन जात नाही. "ओव गं लवकर, मांड्या फाटल्या माझ्या," म्हणायच्या आणि तरी उठायच्या नाहीत.

माझ्या शेजारी कांताबेनचं फरसाणचं दुकान. मंगलाताई त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. एका रविवारी त्यांनी गरम खमणाची बशी पुढे केली. "लो मंगलाबेन. एक खमणमां शुं थई जवानुं?"

"माझं काही नाही होणार, कांताबेन," ताई म्हणाल्या. "माझ्या भावाचं होईल."

कांताबेननं बशी मागे घेतली. पुढच्या रविवारी त्यांनी वाफवलेले मूग लिंबू पिळून पाठवले, आणि मग दर रविवारी पाठवत राहिल्या.

एक्केचाळीस, चाळीस, साडेएकोणचाळीस, एकोणचाळीस. मी थक्क होऊन बघत होते. कापड आटतं ते मला माहीत आहे, माणूस नुसत्या जिद्दीनं आटताना मी पाहिला नव्हता. त्याच दिवसांत मी सरांसाठी दोन लेंगे शिवले. लिव्हर काम करेना की पोटात पाणी भरतं. हात-पाय काड्यांसारखे आणि पोट नऊ महिन्यांच्या बाईसारखं. नाडी ऐसपैस ठेव, असं ताईंनी सांगितलं होतं. मी एकाच टेबलावर बहिणीचे ड्रेस आत घेत होते आणि भावाचे लेंगे सैल करत होते. तसं काम देवानं पुन्हा कोणाला देऊ नये.

मग साडेअडतीसवर टेप अडला. एक रविवार, दोन रविवार. ताई खाणं आणखी कमी करायला निघाल्या तर मॅडम रागावल्या, उपाशी राहून उलटंच होतं म्हणून. तिसऱ्या रविवारी त्या आल्या त्या दवाखान्यातून थेट. आदल्या दिवशी सरांच्या पोटातलं पाणी सुईनं काढलं होतं. डोळे सुजलेले. पडद्यामागे हात वर करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सांग, सुमन. किती?"

टेप साडेअडतीसवरच होता. मी म्हटलं, "सदतीस."

जाणूनबुजून नाही म्हटलं. बावीस वर्षांची जीभ, ती आपोआप वळली. ताईंनी मला टेपसकट मिठी मारली. मॅडमना तिथूनच फोन लावला. मॅडम म्हणाल्या, वजन फारसं हललेलं नाही, पण कंबर इतकी उतरली म्हणजे आतलं जातंय, याच आठवड्यात तपासणीला या. ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधी. मी तिथेच उभी होते. तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. मी वहीत आकडा लिहिला आणि टेप गुंडाळला.

तपासणीत नापास झाल्या. चरबी कमी झाली आहे, पण पुरेशी नाही. चार आठवड्यांनी पुन्हा या. भावाकडे चार आठवडे आहेत का, ते डॉक्टर बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ताई दुकानात येऊन बसल्या. म्हणाल्या, "सदतीस आलं होतं ना गं?"

मी मापाची वही काढून त्यांच्या हातात दिली. वहीत मी कधी खोटं लिहिलेलं नाही. त्या रविवारच्या ओळीवर साडेअडतीसच होतं. त्यांनी ते वाचलं. मग एकेक पान मागे उलटलं. त्यानंतर जुन्या वह्या मागितल्या, त्याही मी दिल्या. एकतीस, तेहतीस, छत्तीस, अडतीस, एक्केचाळीस. पंधरा दिवाळ्यांची पंधरा पोटं.

"हे सगळं तुला माहीत होतं?"

"हो."

"मला तू काय सांगायचीस?"

"दोन-तीन कमी."

"का गं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

त्यांनी वही मिटली. मला वाटलं, आता उठून जातील आणि पुन्हा या गल्लीत येणार नाहीत. ते मला चाललं असतं. त्या म्हणाल्या, "माझे कपडे कधी घट्ट झालेच नाहीत. मैत्रिणी म्हणायच्या, मंगला, जाड झालीस. मी म्हणायची, छे, माझ्या टेलरला विचारा, माप एवढं कुठे वाढलंय. सुमन, तू माया ठेवत गेलीस आणि मी त्यात वाढत गेले."

रागानं नाही बोलल्या. म्हणून मला जास्त लागलं.

"आता उठ. टेप घे. आणि मोठ्यानं सांग."

मी माप घेतलं. "साडेअडतीस," म्हटलं.

"मोठ्यानं. कांताबेनला ऐकू जायला हवं."

माझा आवाज दुकानाबाहेर कधी गेलेला नाही. लग्नात नाव घेतलं तेही कोणाला ऐकू आलं नव्हतं. मी डोळे मिटले आणि ओरडले, "साडेअडतीस."

पलीकडून कांताबेनचा आवाज आला, "साडा आडत्रीस, सांभळ्युं. हवे ओछुं करो."

कमी करा, म्हणाल्या त्या. ताई हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर चालायला जाऊ लागले. मला कोणी बोलावलं नव्हतं. पाच वाजता त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिले, एवढंच. आता समुद्रापर्यंत जाऊन वाळूतून पुढे जायचो. ओल्या वाळूत सोपं जातं म्हणून त्या मुद्दाम कोरड्या वाळूत चालायच्या, जिथे पाय रुततो. संध्याकाळी पुन्हा एक फेरी. शाळेत तासातून एकदा उठून जिन्यानं वर-खाली. दम लागला की थांबायच्या, कंबरेवर हात ठेवायच्या आणि पुन्हा निघायच्या. एकदा मी म्हटलं, "ताई, आज पुरे." त्या म्हणाल्या, "सुमन, त्याला शाळेत मीच नेऊन सोडायची. रडायचा, बसायचा वाटेत. तेव्हा मी पुरे म्हटलं असतं तर तो मास्तर झाला असता का?" मी मग पुन्हा पुरे म्हटलं नाही.

ड्रेस लटकायला लागले म्हणून मी दर आठवड्याला शिवण आत घेत होते आणि जास्तीचं कापड सवयीनं आत दुमडत होते. ताईंनी एक ड्रेस उलटा करून बघितला. "एवढी जाड शिवण कशाला?"

"असू दे माया. पुन्हा लागली तर."

"नाही लागणार. काप."

दिलेल्या कपड्यातली माया कापून टाकायची नसते. शिंप्याच्या हाताला ते पाप वाटतं. मी कात्री घेतली आणि कापली. चार ड्रेसची माया कापली त्या दिवशी. तेव्हा मला कळलं, चुकीच्या जागी ठेवली तर मायासुद्धा माणसाचं नुकसान करते.

अडतीस. सव्वासदतीस. पावणेसदतीस. छत्तीस. चारही आकडे मी गल्लीला ऐकू जातील असे सांगितले.

तपासणीत पास झाल्या. डॉक्टरांनी दोन वेळा फोटो बघितले म्हणे. सर तोवर दवाखान्यातच होते, पिवळे पडलेले, पण होते. ते पंधरा दिवस मी वाया घालवले, हे माझ्यावर आहे. ठरलेल्या तारखेपर्यंत थांबलो असतो तर पहिल्याच वेळी झालं असतं, किंवा नसतंही झालं. आता ते कोणी सांगू शकत नाही.

पैशांची जुळवाजुळव चालली होती. ताईंचं आणि सरांच्या बायकोचं सोनं, वाडीवर काढलेलं कर्ज, संस्थांची मदत, शाळेतल्या शिक्षकांची वर्गणी, आणि तरी कमीच. माझ्याकडे इंटरलॉकच्या मशीनसाठी साठवलेले चाळीस हजार होते. ते मी पिशवीत घालून नेले. ताई पिशवीकडे बघून म्हणाल्या, "हे दंड म्हणून देतेस का? दंड मी घेणार नाही."

"उसने देतेय."

"मग परत घ्यावे लागतील. एकही रुपया सोडायचा नाही."

"नाही सोडणार."

ऑपरेशनच्या दिवशी मी दुकान उघडलं, पण कापायला हात धजेना. नुसती बटणं लावत बसले. कांताबेन दोनदा येऊन गेल्या. संध्याकाळी ताईंच्या यजमानांचा फोन आला. दोघंही बरी होती. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, बाईंचं लिव्हर लालसर, स्वच्छ निघालं, मागच्या वेळी फोटोत दिसलं ते हेच, यावर विश्वास बसणार नाही.

त्यानंतर ऐकलं ते मला आजही नीटसं खरं वाटत नाही. ताई घरी आल्यावर मी भेटायला गेले. पोटावर भलीमोठी शिवण, फार सुबक टाके. त्या म्हणाल्या, "अर्ध्याहून जास्त काढलं. पण ते वाढतं परत. माझ्यात राहिलेलं आणि त्याला दिलेलं, दोन्ही. काही महिन्यांत पुरं होतं."

मी जन्मभर कापड कापलं आहे. कापलेलं पुन्हा वाढतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. घरी येताना रस्त्यात जी जी माणसं दिसली त्यांच्याकडे मी मान वर करून बघितलं. ही सगळी पोटं बावीस वर्षं मी नुसती बाहेरून मोजली. आत एवढं काही चाललेलं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

सांगायचं माप मी सोडून दिलं. काही गिऱ्हाइकं तुटली. एक बाई म्हणाली, "तुमचा टेप आखडलाय." काही जणी मात्र खरा आकडा ऐकून विचारतात, "मंगलाताई कुठून चालायच्या हो?" मी रस्ता सांगते.

माझे पैसे ताईंनी पगारातून थोडे थोडे दिले. कधी हजार, कधी दोन हजार. मी नको म्हटलं नाही, तसं ठरलं होतं. गेल्या महिन्यात चार हजार राहिले होते. ते द्यायला ताई आल्या नाहीत. अरविंद सर आले, तळासरीहून एसटीनं, एकटे. दुकानाच्या तीन पायऱ्या न थांबता चढले. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"पुन्हा कामावर रुजू झालो, बाई," ते म्हणाले. "हा पहिला पूर्ण पगार. महिनाभरात एकही रजा नाही. मी ताईला म्हटलं, शेवटचे माझ्या हातानं देतो."

त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. "मोजून घ्या."

मला मोजायचं नव्हतं. पण ते हात मागे बांधून, वर्गात उभे राहतात तसे उभे राहिले, आणि मी मोजल्याशिवाय जाणार नाहीत हे दिसत होतं. पाचशेच्या आठ नोटा. मी दोन वेळा मोजल्या, कारण पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं आणि आकडा चुकला. बरोबर होत्या. चाळीस हजार पुरे फिटले.